कोड फुटला, पुढे काय?

टीईला सेमिनारसाठी मी क्रिप्टोग्राफी हा विषय घेतला होता. अल्गोरिदम पाठ, स्लाइड्स तयार. सरांनी एकच प्रश्न विचारला, "समजा कोड फुटला, मजकूर हातात आला. आता तो वापरणार कसा?" माझी बोलती बंद! उत्तर शोधता शोधता सापडली १९१७ सालची एक तार.

पहिलं महायुद्ध चालू होतं आणि अमेरिका तटस्थ होती. १६ जानेवारी १९१७ रोजी जर्मनीचे परराष्ट्रमंत्री आर्थर झिमरमन यांनी वॉशिंग्टनमधल्या आपल्या राजदूतामार्फत मेक्सिकोतल्या राजदूताला गुप्त तार पाठवली. आशय असा : १ फेब्रुवारीपासून आमच्या पाणबुड्या निर्बंध न पाळता हल्ले करतील. अमेरिका युद्धात उतरलीच, तर मेक्सिकोने आमच्याशी युती करावी. टेक्सास, न्यू मेक्सिको, ॲरिझोना परत घ्यावेत.

जर्मनीच्या समुद्राखालच्या केबल्स ब्रिटनने १९१४ मध्येच तोडल्या होत्या. मग तार गेली कशी? चक्क अमेरिकेच्या राजनैतिक लाइनवरून! शांततेच्या बोलणीसाठी प्रेसिडेंट विल्सन यांनी ही सवलत दिली होती. पण ती लाइन लंडनमार्गे जायची आणि इंग्रज ती चोरून वाचत होते.

लंडनच्या 'रूम ४०' मध्ये नायजेल डी ग्रे आणि विल्यम मॉन्टगोमेरी यांनी तारेचा काही भाग लगेच सोडवला. कोड म्हणजे एक जाडजूड शब्दकोश : शब्दाऐवजी आकडा. 'ॲरिझोना'ला आकडाच नव्हता, म्हणून जर्मनांनी त्या शब्दाचे चार तुकडे करून पाठवले.

खरी पंचाईत आता. तार दाखवली तर जर्मनी कोड बदलणार. शिवाय अमेरिका विचारणार, "म्हणजे आमची लाइनही तुम्ही वाचता?" हॉस्टेलवर रूममेटची डायरी चोरून वाचल्यासारखंच, कळलंय सगळं पण बोलायची सोय नाही!

तोडगा काढला नौदल गुप्तवार्ता प्रमुख रेजिनाल्ड हॉल यांनी. वॉशिंग्टनहून मेक्सिकोला तीच तार साध्या व्यापारी तारसेवेने गेली होती. मेक्सिकोच्या वकिलातीकडे नवं कोडबुक नव्हतं, त्यामुळे ती जुन्या कोडमध्ये पाठवावी लागली. हा जुना कोड इंग्रजांना बराचसा ठाऊक होता. मेक्सिकोतून तिची प्रत मिळवली आणि तार तिथेच फुटल्याचा देखावा झाला.

१ मार्च १९१७ रोजी अमेरिकन पेपरांत मजकूर छापून आला. बनावट आहे, असं अनेकांना वाटलं. पण ३ मार्चला खुद्द झिमरमननीच कबुली दिली! पाणबुड्या अमेरिकन जहाजं बुडवत होत्याच. त्यात ही तार. ६ एप्रिलला अमेरिका युद्धात उतरली.

सर, तुमच्या प्रश्नाचं उत्तर उशिरा देतोय : माहिती वापरायची, तर ती आणखी कुठून मिळू शकली असती ते आधी शोधायचं. आणि जर्मनांकडून शिकण्यासारखं? दहा ठिकाणी नवं कुलूप लावून अकराव्या ठिकाणी जुनंच ठेवलं, तर चोर अकराव्या दारानेच येतो.