लॉटरी लागली, मग पुढे काय?
(या महिन्याचा अभ्यास: बैठकीत वाचून चर्चा करावी)



या वेळचा विषय मी ठरवला नाही, एका गटानेच ठरवला. पारोळा तालुक्यातल्या एका गावात बैठक सुरू होती. एका ताईने आठ हजारांचं अंतर्गत कर्ज मागितलं, कारण सांगितलं मुलीची फी. सचिव ताईंनी सहज विचारलं, "फी तर मागच्याच महिन्यात भरली ना?" ताई गप्प. मग तिने मोबाईल पुढे केला. व्हॉट्सॲपवर मेसेज होता: तुम्हाला २५ लाखांची लॉटरी लागली आहे, रक्कम हवी असेल तर आधी आठ हजार भरा. त्याआधी दोन वेळा मिळून साडेपाच हजार तिने भरून टाकले होते, घरात कोणालाच न सांगता.

आम्ही तिथूनच १९३० नंबरला फोन लावला, तक्रार नोंदवली. साडेपाच हजार काही परत आले नाहीत, पण गटाचे आठ हजार वाचले. ताई रडायला लागली. तेव्हा एक वयस्कर मावशी म्हणाल्या, "पण खरंच लागली असती तं?" सगळ्या हसल्या. मला मात्र तो प्रश्न घरी येईपर्यंत सुटला नाही. खरंच लागली असती, तर तिचं भलं झालं असतं का?

ज्यांना खरंच लागली

बिहारमधल्या मोतिहारीचे सुशील कुमार रोजगार हमीच्या कामात कॉम्प्युटर ऑपरेटर होते. पगार सहा-साडेसहा हजार. २०११ साली 'कौन बनेगा करोडपती' मध्ये त्यांनी ५ कोटी जिंकले. ही लॉटरी नव्हती, हुशारीचं बक्षीस होतं. तरीही पुढे काय झालं ते त्यांनी स्वतःच २०२० साली लिहिलं. महिन्यातले बरेच दिवस कार्यक्रम आणि सत्कारांत जायचे. कोणाला कळू न देता मदत करायची सवय लागली, त्यात अनेकांनी फसवलं. दारू-सिगारेट लागली, बायकोशी भांडणं वाढली. २०१५-१६ हा काळ त्यांना आयुष्यातला सगळ्यात कठीण वाटला. पुढे त्यांनी दारू सोडली, शिक्षकाचं काम धरलं, झाडं लावायची मोहीम सुरू केली, तेव्हा मन थाऱ्यावर आलं.

केरळात २०२२ साली एका रिक्षाचालकाला ओणमची २५ कोटींची लॉटरी लागली. काही दिवसांतच तो म्हणाला, एवढं मोठं बक्षीस नसतं लागलं तर बरं झालं असतं. दारात सकाळपासून पैसे मागणारे. पोराला घेऊन बाहेर पडता येईना, राहायची जागा बदलावी लागली.

आता आपल्याकडचं उदाहरण. अमरावती जिल्ह्यातल्या अंजनगाव सुर्जीच्या बबिता ताडे शाळेत मुलांसाठी खिचडी शिजवायच्या, मानधन महिन्याला १,५०० रुपये. २०१९ साली त्यांनी त्याच कार्यक्रमात १ कोटी जिंकले. इच्छा काय, तर स्वतःचा एक मोबाईल. आणि खिचडी शिजवायचं काम सोडणार नाही, असं त्यांनी सांगितलं. मला यातली मोठी गोष्ट ही वाटते: पैसा आला म्हणून त्यांनी आपली ओळख टाकून दिली नाही.

पैसा टिकत का नाही?

एक, गावाला आकडा कळतो, कापलेला कर कळत नाही. लॉटरीच्या मोठ्या बक्षिसावर ३० टक्के कर आणि वर उपकर लागतो. १० लाख लागले तर ३ लाख १२ हजार कर. हातात येतात ६ लाख ८८ हजार. भाऊबंद मात्र १० लाखांचाच हिशोब धरून येतात.

दोन, काम सुटतं. काम सुटलं की दिवस रिकामा होतो, आणि रिकाम्या दिवसाला सोबत कोणाची मिळते ते आपल्याला माहीत आहे.

तीन, मोठी रक्कम सांभाळायची सवय नसते. आपण गटात शंभर रुपयांपासून सुरुवात का केली? रक्कम लहान असताना सवय लागते म्हणून.

चार, घरातल्या बाईला विचारलं जात नाही. खर्च कोण ठरवतं आणि नंतर निस्तरतं कोण, हे तुम्हीच सांगा.

आपल्या घरातली 'लॉटरी'

महाराष्ट्र राज्य लॉटरी १९६९ पासून आहे. तिकीट कायदेशीर आहे, पण एका आकड्यावर लावायची लॉटरी कायद्याने बंद आहे, हे घरच्या माणसांना सांगा. लॉटरी लागणारी घरं मोजकीच. पण एकरकमी पैसा आपल्याकडेही येतो. धुळे, पारोळा, एरंडोल, जळगाव या महामार्गात जमीन गेलेल्यांना मोबदला मिळाला. कापूस विकला, केळीचा बाग कापला, विम्याची रक्कम आली, कोणी रिटायर झालं. धुळे तालुक्यातल्या एक आजी जमिनीच्या पैशाबद्दल म्हणाल्या, "जसा उना तसा गया, माय." जमीनही गेली आणि पैसाही. दारात गाडी आहे, तिच्यात पेट्रोल टाकायला पैसे नाहीत.

मोठी रक्कम आली तर

१. बोभाटा करू नका. घरात मात्र लपवू नका.
२. पहिले तीन महिने मोठी खरेदी नाही, कोणाला उसने नाहीत. रक्कम बँकेत मुदत ठेवीत, नवरा-बायको दोघांच्या नावावर. एका बँकेत एका नावावर व्याजासह ५ लाखांपर्यंतच ठेवीला विमा असतो, जास्त असेल तर दोन बँकांत ठेवा.
३. आधी कर्ज फेडा. सावकाराचं सगळ्यात आधी.
४. 'दुप्पट करून देतो' म्हणणारा जवळचा असला तरी नाही म्हणा. एकटीला जमत नसेल तर सांगा, "गटात विचारून सांगते."
५. हातातलं काम आणि गटाची बचत सोडू नका.
६. तिकीट काढलंच नाही तर लॉटरी लागत नाही. खऱ्या बक्षिसाचा कर बक्षिसातूनच कापतात. आधी पैसे मागणारा चोर समजा. पैसे गेले असतील तर लगेच १९३० ला फोन करा. जितका उशीर, तितकी परत मिळायची आशा कमी.

बैठकीत चर्चेसाठी

- आपल्या गावात एकरकमी पैसा आला तेव्हा कोणाचं भलं झालं, कोणाचं बिघडलं? नावं न घेता सांगा.
- घरात आठवड्याला ५० रुपयांचं तिकीट येत असेल, तर वर्षाचे २,६०० होतात. ते गटात जमा झाले असते तर काय झालं असतं?
- आज घरात १ लाख आले, तर पहिलं काम कोणतं? प्रत्येकीने सांगावं, सचिवांनी इतिवृत्तात लिहावं.

पारोळ्याची ती ताई पुढच्या बैठकीला येणार नाही, असं मला वाटलं होतं. ती आली, नेहमीची बचत भरली, आणि तो मेसेज तिने स्वतःच सगळ्यांना वाचून दाखवला. त्या दिवशी कळलं, आणखी दोघींच्या मोबाईलवर तसाच मेसेज आलेला होता.

तुमची क्षेत्र समन्वयक