श्राव्यातीत ध्वनी आणि स्त्रियांमधील मूत्रअसंयम

खोकताना, शिंकताना, हसताना किंवा पाण्याची घागर उचलताना इच्छेविरुद्ध थोडी लघवी बाहेर पडणे, या विकारास ताणजन्य मूत्रअसंयम असे म्हणतात. येथे ताण म्हणजे मनावरील ताण नव्हे. पोटातील दाब एकाएकी वाढला असता मूत्राशयावर जो भार पडतो, तो होय. बाळंतपणानंतर आणि उतारवयात हा त्रास पुष्कळ स्त्रियांना होतो. परंतु संकोचामुळे तो घरातही सांगितला जात नाही. प्रवास आणि लग्नकार्ये टाळून दिवस काढले जातात. वस्तुतः हा विकार बहुधा उपचारांनी बरा होतो किंवा पुष्कळ कमी होतो.

मूत्राशय जेथे अरुंद होऊन मूत्रमार्गास मिळते, त्या भागास मूत्राशयाची मान म्हणतात. मूत्रमार्गाच्या खाली योनीची पुढील भित्ती आणि तिला दोन्ही बाजूंनी धरून ठेवणारे स्नायू व बंध यांची जणू एक झोळी असते. झोळी ताठ असेल तर वरून आलेल्या दाबाने मूत्रमार्ग तिच्यावर दाबला जाऊन मिटतो. ती सैल पडली असेल तर तो दाबाबरोबर खाली सरकतो व पुरता मिटत नाही. हे स्पष्टीकरण अमेरिकेतील जॉन डिलान्सी यांनी १९९४ साली मांडले.

हे सरकणे पाहावयाचे कसे? पूर्वी त्यासाठी क्ष-किरणांचा उपयोग करीत. आता श्राव्यातीत ध्वनी, म्हणजे सेकंदाला २०,००० हून अधिक कंपने असलेला ध्वनी, हे काम करतो. ग्लासगो येथील आयन डोनाल्ड व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५८ साली या ध्वनीने पोटातील गाठी तपासल्याचे प्रसिद्ध केले. सोनोग्राफी म्हटली की आपल्याला गर्भच आठवतो, पण तिचा आरंभ असा गाठींच्या तपासणीतही झाला. मऊ ऊतींतून ध्वनी सेकंदाला सुमारे १,५४० मीटर वेगाने जातो. ५ सेंटिमीटर खोलीवरून त्याचा प्रतिध्वनी सुमारे ६५ दशलक्षांश सेकंदात परत येतो. या वेळांवरून यंत्र चित्र रेखाटते.

तपासणीपूर्वी स्त्रीने लघवी करून यावयाचे असते. ती उताणी झोपल्यावर आवरण घातलेला शोधक योनिमुखावर बाहेरूनच ठेवतात. पुढील बाजूस दोन जघनास्थींचा सांधा दिसतो. तो हलत नाही, म्हणून त्याची खालची कडा मोजमापाची रेषा मानतात. समजा, स्वस्थ असताना मूत्राशयाची मान या रेषेच्या २८ मिलिमीटर वर आहे आणि जोराने कुंथल्यावर ५ मिलिमीटर खाली गेली, तर ती एकंदर ३३ मिलिमीटर उतरली. २५ मिलिमीटर वा त्याहून अधिक उतार पुष्कळ तज्ज्ञ अवाजवी मानतात. मात्र कुंथणे निदान सहा सेकंद टिकले पाहिजे, आणि शोधक फार दाबून धरता कामा नये. लाजेने किंवा लघवी होईल या भीतीने स्त्री त्याच वेळी खालचे स्नायू आवळून धरते आणि उतार खरा असतो त्याहून कमी भरतो. म्हणून तिला धीर देणे हा या मोजमापाचाच भाग समजावा.

तथापि एकट्या आकड्यावरून निदान करू नये. मान पुष्कळ उतरूनही काही स्त्रियांना मुळीच त्रास नसतो. उलट कित्येकींची मान जागच्या जागी असून मूत्रमार्ग मिटविणारा स्नायूच दुर्बळ झालेला असतो. चित्रात हालचाल दिसते, मिटण्याचा जोर दिसत नाही. म्हणून मूत्राशय भरलेले असताना खोकावयास सांगून लघवी गळते का हे प्रत्यक्ष पाहणे, आणि रुग्णेची हकीकत नीट ऐकणे, यांची जागा हे यंत्र घेऊ शकत नाही.

उपचारांत मात्र त्याचा मोठा उपयोग होतो. अमेरिकन वैद्य आर्नल्ड केगेल यांनी १९४८ साली श्रोणितलाच्या स्नायूंचा व्यायाम सांगितला. तो करताना अनेक स्त्रिया नकळत उलट खाली जोर देतात. पडद्यावर मान वर उचलली जाताना दिसली की योग्य आकुंचन कोणते, ते त्यांना लगेच उमगते. व्यायाम पुरा पडला नाही तर मूत्रमार्गाखाली कृत्रिम धाग्यांची फीत बसविण्याची शस्त्रक्रिया करता येते. स्वीडनमधील उल्फ उल्मस्टेन यांनी तिची एक पद्धत १९९६ साली प्रसिद्ध केली. ही फीत क्ष-किरणांना दिसत नाही, पण ध्वनिचित्रात ठळक पांढरी उमटते. पुढे लघवी अडू लागली किंवा पुन्हा गळू लागली, तर फीत कोठे सरकली व मूत्रमार्गास किती आवळते आहे, हे त्यावरून पाहता येते.