लहान मासेमारी नौका : ॲल्युमिनियम की फायबरग्लास?

मत्स्यव्यवसायाचा अभ्यास करताना विद्यार्थी उत्पादनाचे आकडे, योजनांची नावे आणि संस्थांची मुख्यालये पाठ करतात. मात्र ज्या साधनावर हा व्यवसाय उभा आहे त्या होडीचा विचार सहसा होत नाही. मालवणच्या किनाऱ्यावरील रापणकर असो वा उजनी जलाशयात जाळे टाकणारा भोई असो, होडी ही त्याच्या आयुष्यातील सर्वांत मोठ्या खर्चांपैकी एक असते. ती बहुधा कर्ज काढून घेतली जाते. निवड चुकली तर तिचा भार कुटुंबाला दहा-पंधरा वर्षे वाहावा लागतो. प्रस्तुत लेखात सहा ते आठ मीटर लांबीच्या नौकेसाठी उपलब्ध असलेल्या दोन प्रमुख पदार्थांचा तुलनात्मक विचार केला आहे.

पार्श्वभूमी

कोकणातील पारंपरिक होडी लाकडाची. चांगले लाकूड दुर्मीळ व महाग झाले, कुशल सुतार कमी झाले आणि दरवर्षीची डागडुजी परवडेनाशी झाली. त्यामुळे पर्यायी पदार्थांचा शोध सुरू झाला. 1957 मध्ये स्थापन झालेल्या कोचीच्या केंद्रीय मात्स्यिकी तंत्रज्ञान संस्थेने रबराच्या झाडाच्या प्रक्रिया केलेल्या लाकडावर फायबरग्लासचे आवरण देऊन होड्या तयार केल्या. 2004 च्या त्सुनामीनंतर तमिळनाडूच्या किनाऱ्यावर फायबरग्लासच्या नौका मोठ्या संख्येने आल्या. आज भारतात लहान नौकांमध्ये हाच पदार्थ आघाडीवर आहे. ॲल्युमिनियमचा वापर तुलनेने मर्यादित आहे.

फायबरग्लास : स्वरूप, गुण व दोष

फायबरग्लास हा संमिश्र पदार्थ होय. काचतंतूंची चटई साच्यात अंथरून तिच्यावर पॉलिएस्टर राळ चढविली जाते व ती रासायनिक क्रियेने कठीण होते. बाहेरील गुळगुळीत थराला जेलकोट म्हणतात. एकदा साचा तयार झाला की त्यातून अनेक होड्या काढता येतात. साच्याचा स्थिर खर्च त्या सर्वांवर विभागला जातो व किंमत कमी राहते. हा पदार्थ खाऱ्या पाण्यात गंजत नाही. त्याला हवा तो गोलाकार देता येतो. भोक पडल्यास चटई व राळ वापरून गावातच दुरुस्ती होऊ शकते.

दोषही आहेत. राळेचे प्रमाण चुकले, हवेतील दमटपणा वाढला किंवा थरांत हवा अडकली तर होडी वरून चांगली दिसते, परंतु आतून कमकुवत राहते. जेलकोटला तडे गेल्यास पाणी आत शिरून फोड येतात. वाळूवरून रोज ओढल्याने तळ झिजतो. आयुष्य संपल्यावर हा पदार्थ वितळवून पुन्हा वापरता येत नाही. टाकाऊ होड्या किनाऱ्यावरच पडून राहतात.

ॲल्युमिनियम : स्वरूप, गुण व दोष

नौकेसाठी शुद्ध ॲल्युमिनियम नव्हे, तर 5083 सारखा मॅग्नेशियमयुक्त मिश्रधातू वापरतात. त्याची घनता दर घनसेंटिमीटरला सुमारे 2.7 ग्रॅम, तर हाताने थर देऊन केलेल्या फायबरग्लासची सुमारे 1.5 ग्रॅम असते. यावरून फायबरग्लासची होडी हलकी असेल असे वाटते, परंतु हा निष्कर्ष घाईचा ठरतो. ॲल्युमिनियमचा ताठरपणा चटईच्या फायबरग्लासच्या सुमारे दहापट असल्याने पातळ पत्रा पुरतो. परिणामी त्याच आकाराची ॲल्युमिनियमची होडी बहुधा हलकी भरते. हलक्या होडीला लहान इंजिन पुरते व इंधन वाचते. खडकावर आपटल्यास पत्रा सहसा फुटण्याऐवजी चेपतो. भंगारालाही चांगली किंमत मिळते.

या धातूचा मुख्य शत्रू म्हणजे विद्युत-रासायनिक क्षरण. खाऱ्या पाण्यात तो तांबे, पितळ किंवा पोलादाच्या संपर्कात आला तर ॲल्युमिनियम झिजते. म्हणून तांबेयुक्त रंग लावू नये, बोल्टखाली विद्युतरोधक चकत्या घालाव्यात आणि जस्ताचा त्यागी धनाग्र बसवावा. जोडकामासाठी आर्गॉन वायूच्या आवरणातील वेल्डिंग लागते; ते कौशल्य प्रत्येक बंदरात मिळत नाही.

सुरक्षिततेचा समान प्रश्न

लाकडी होडी पाण्याने भरली तरी बहुधा तरंगत राहते. ॲल्युमिनियम व फायबरग्लास हे दोन्ही पदार्थ पाण्यापेक्षा जड आहेत. त्यामुळे बंद हवाकप्पे किंवा फोम भरलेले कप्पे नसतील तर उलटलेली होडी तळाला जाते आणि मच्छीमाराचा शेवटचा आधारही जातो. खरेदीच्या वेळी पदार्थाइतकीच या कप्प्यांची तपासणी महत्त्वाची आहे.

किंमत आणि आयुर्मान-खर्च

केवळ खरेदी-किंमत पाहणे फसवे असते. एक काल्पनिक उदाहरण घेऊ. समजा, फायबरग्लासची होडी 2 लाख रुपयांची, आयुष्य 10 वर्षे व दुरुस्ती वर्षाला 8 हजार रुपये आहे. एकूण खर्च 2.8 लाख, म्हणजे वर्षाला 28 हजार रुपये. ॲल्युमिनियमची होडी 3.5 लाखांची, आयुष्य 20 वर्षे, दुरुस्ती वर्षाला 10 हजार आणि भंगारमूल्य 40 हजार रुपये आहे. एकूण खर्च 5.1 लाख, म्हणजे वर्षाला 25,500 रुपये. वरवर ॲल्युमिनियम स्वस्त ठरते. परंतु वाढीव दीड लाख रुपये 10 टक्के व्याजाने घेतले, तर पहिल्या वर्षी 15 हजार रुपये व्याजच होते आणि 2,500 रुपयांचा लाभ नाहीसा होतो. तात्पर्य, निवड पदार्थाच्या गुणांइतकीच पतपुरवठ्याच्या अटींवर अवलंबून असते.

2020 मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेत पारंपरिक मच्छीमारांना जुन्या होडीच्या जागी नवी होडी व जाळी घेण्यासाठी साहाय्याची तरतूद करण्यात आली. लाभार्थ्यांसाठी साहाय्याचे प्रमाण सर्वसाधारण गटाला 40 टक्के, तर महिला व अनुसूचित जाती-जमातींना 60 टक्के होते. असे साहाय्य भांडवलाची अडचण हलकी करते. दुरुस्तीची सोय मात्र स्थानिक पातळीवरच उभी करावी लागते.

निष्कर्ष

खाडी व किनाऱ्यावर, जेथे फायबरग्लासचे कारागीर आहेत व भांडवल कमी आहे, तेथे ती होडी व्यवहार्य ठरते. जलाशयात परिस्थिती वेगळी असते. उन्हाळ्यात पाणी ओसरते, काठ दूर जातो आणि होडी उचलून न्यावी लागते. शिवाय गोड्या पाण्यात क्षरणाचा धोका कमी असतो. अशा ठिकाणी, वेल्डिंगची सोय जवळ असल्यास, ॲल्युमिनियमचा विचार अवश्य व्हावा. तंत्रज्ञान योग्य की अयोग्य हे केवळ प्रयोगशाळेत ठरत नाही. ते वापरणाऱ्याच्या परिस्थितीत ठरते.

परीक्षार्थींसाठी

मत्स्यविषयक संस्थांबाबत गल्लत होऊ नये. नौका व जाळ्यांचे तंत्रज्ञान : कोची. मत्स्यशिक्षण : मुंबई, 1961. अंतर्देशीय मात्स्यिकी संशोधन : बराकपूर, 1947. माशांच्या आनुवंशिक संसाधनांचे जतन : लखनौ येथील, तेलीबागच्या बाजूस कॅनॉल रिंग रोडवर असलेला राष्ट्रीय ब्युरो, स्थापना 1983.

सरावासाठी प्रश्न :
1. आयुर्मान-खर्च ही संकल्पना उदाहरणासह स्पष्ट करा.
2. त्यागी धनाग्राचे कार्य सांगा.
3. 'समुचित तंत्रज्ञान' या संकल्पनेच्या आधारे लहान नौकेसाठी पदार्थाच्या निवडीची चर्चा करा.