जुन्या टर्बो पिकअपची पारख

महाराष्ट्रात भाजीपाला, दूध आणि आंबा वाहणारे बहुतेक डिझेल पिकअप आज टर्बोचार्जरवर चालतात, आणि असे वाहन जुने घेणाऱ्याला पुढे जे खर्च निघतात त्यांत टर्बोचा खर्च विशेष बोचतो. टर्बोचार्जर म्हणजे इंजिनातून बाहेर पडणाऱ्या तप्त वायूंच्या जोरावर फिरणारे चक्र; त्याच्या दांड्याच्या दुसऱ्या टोकाची पाती बाहेरची हवा दाबून सिलिंडरात भरतात, त्यामुळे अधिक डिझेल जळू शकते आणि ताकद वाढते. हा दांडा मिनिटाला लाखाहून अधिक फेरे घेतो आणि ऑईलच्या पातळ थरावर तरंगतो, म्हणून टर्बो निकामी होण्याचे मूळ टर्बोत क्वचितच असते. ते बहुधा ऑईलमध्ये किंवा हवेत सापडते.

ऑईल वेळेवर न बदलल्यास त्यातील गाळ टर्बोकडे जाणाऱ्या बारीक नळीत साचतो. रत्नागिरीहून पेट्या भरून आंबा घाट चढलेली गाडी वर पोहोचताच चहासाठी बंद केली, तर ऑईलचा प्रवाह थांबतो, टर्बो मात्र तापलेलाच राहतो आणि आत अडकलेले ऑईल करपते. इंजिन मिनिट-दोन मिनिटे नुसते चालू ठेवले की हे टळते, पण घाईच्या हंगामात तेवढी सवड कोणी काढत नाही. ही कारणे तशीच ठेवून बसवलेला नवा टर्बोही लवकरच जातो, त्यामुळे ‘टर्बो नुकताच बदलला आहे’ या वाक्याने निश्चिंत न होता ऑईलची नळी आणि एअर फिल्टर तेव्हाच बदलले होते का, हे खरेदीदाराने बिलावरून पाहावे.

पाहणी थंड इंजिनावरच करावी आणि धुऊन चकाचक केलेल्या इंजिनाकडे संशयानेच पाहावे, कारण धुण्याने गळतीच्या खुणा जातात. निळसर धूर ऑईल जळत असल्याचे सांगतो. चढावर काळा धूर आणि ओढ कमी असेल, तर दाबलेली हवा थंड करणाऱ्या इंटरकूलरचा होज फाटला असण्याची शक्यता असते, आणि तो दोष तुलनेने स्वस्तात निघतो. होज काढून दांडा बोटांनी हलवल्यास बाजूला किंचित हालणे स्वाभाविक असते, मात्र तो पुढे-मागे सरकत असेल किंवा पाती कवचाला घासत असतील, तर टर्बो संपल्यात जमा समजावा.

1 एप्रिल 2020 पासून लागू झालेल्या बीएस-6 मानकांनंतरच्या अनेक गाड्यांत काजळी अडवणारा डीपीएफ असतो. तो जास्तीचे डिझेल वापरून साठलेली काजळी जाळतो. सतत जवळच्या फेऱ्या करणाऱ्या गाडीत हे जळणे अर्धवट राहते आणि ते डिझेल ऑईलमध्ये उतरून त्याला पातळ करते. अशा गाडीची डिपस्टिक वरच्या खुणेच्याही वर ऑईल दाखवते, आणि विक्रेता नेमकी तीच काठी गाडी ऑईल खात नसल्याचा पुरावा म्हणून पुढे करतो.