डबीतली हळद

परभणी

चि. निखिल,

तुझा सोनोग्राफीचा रिपोर्ट आणि तू घेतोस त्या हळदीच्या गोळ्यांच्या डबीचा फोटो, दोन्ही पाहिले. 'ग्रेड 1 फॅटी लिव्हर' वाचून हादरू नकोस, वेळेत कळलंय. मला घोर लागलाय तो डबीचा.

तिच्यावर कर्क्युमिन 500 मिलिग्रॅम आणि सोबत मिऱ्याचा अर्क असं लिहिलंय. आता हिशेब कर. हळदीत कर्क्युमिन साधारण 3 टक्के. भाजीत दीड ग्रॅम हळद पडली, तर सगळ्या घरात मिळून 45 मिलिग्रॅम. तुझ्या एका गोळीत सोळा-सतरा ग्रॅम हळदीचा ऐवज! शिवाय नुसतं कर्क्युमिन आतड्यातून रक्तात फारसं जात नाही. मिऱ्यातल्या पायपरिननं ते सुमारे 20 पट जातं, हे बंगळुरूच्या सेंट जॉन्स मेडिकल कॉलेजातल्या संशोधकांनी 1998 साली दाखवलं. जाहिरातवाले हा आकडा मोठ्या कौतुकानं मिरवतात. पण रक्तात गेलेलं निस्तरायचं कुणी? त्या यकृतानंच ना!

कर्क्युमिननं यकृतातली चरबी आणि रक्तातलं एसजीपीटी (यकृत दुखावलं की वाढतं ते) थोडं उतरल्याचे प्रयोग आहेत, नाही असं नाही. पण ते लहान आणि थोड्या दिवसांचे. उलट 2022 साली अमेरिकेत हळदीच्या गोळ्यांनी यकृत दुखावलेल्या 10 रुग्णांची हकिगत प्रसिद्ध झाली. त्यांतल्या 7 जणांत एक ठरावीक जनुकीय खूण निघाली. ती तुझ्यात आहे का, हे डबी सांगणार नाही.

वहिनी गुळवेलीचा काढा घे म्हणते, तोही नको. कोरोनाच्या दिवसांत मुंबईत गुळवेल घेणाऱ्या सहा जणांना यकृताचा दाह झाल्याचं तिथल्या डॉक्टरांनी 2021 मध्ये लिहिलं. आयुष मंत्रालयाला ते पटलं नाही, वाद झाला. वाद चालू असताना तू कशाला प्रयोगाला बसतोस? झाडपाल्याचं म्हणजे निर्धोक, ही समजूत मला मुळीच पटत नाही.

मग खायचं काय? आपलंच. ज्वारीची भाकरी, अंबाडीची भाजी, हुलग्याचं माडगं, जवसाची चटणी. मात्र भाकरीलाही औषध करून बसू नकोस. आपल्या कृषी विद्यापीठाच्या 'परभणी शक्ती' ज्वारीत लोह-जस्त जास्त आहे, ते रक्तक्षयासाठी. यकृतातल्या चरबीशी त्याचा संबंध नाही. भाकरीचा फायदा तेव्हा, जेव्हा ती रात्री अकराला मागवलेल्या बिर्याणीच्या जागी येते. कोल्ड्रिंकच्या बाटलीतली साखर तर यकृतातच चरबी होऊन बसते. ती आधी बंद. दारूचं मी विचारत नाही; घेत असशील तर सोड.

तुझं वजन 84 किलो. त्यातलं 5 टक्के, म्हणजे चार-सव्वाचार किलो उतरलं की यकृतातली चरबी कमी होते. दाह असेल तर 7 ते 10 टक्के उतरवावं लागतं. हे सावकाश, सहा-आठ महिन्यांत कर. उपासतापास करून झटक्यात नको. रोज पाऊण तास झपझप चाल.

गोळ्या आजपासून थांबव. डोळे पिवळे दिसले, लघवी गडद झाली तर त्याच दिवशी दवाखाना गाठ. एरवीही या आठवड्यात एसजीपीटी तपासून घे आणि डॉक्टरांकडे जाताना डबी सोबत ने. पैसे गेले म्हणून उरलेल्या संपवू नकोस.

तुझी,
आत्या