सणाच्या दिवशीं गेलेल्या आईबापांचें स्मरण

नाताळाच्या किंवा ईस्टरच्या सकाळीं फोन उघडावा, तों बाळापूर तालुक्यांतील आमच्या मंडळ्यांतून गेलेल्या आईबापांचीं छायाचित्रें एकामागून एक दिसूं लागतात. कोणीं जुन्या फोटोला फुलांची चौकट घातलेली असते, कोणीं खालीं ‘प्रथम पुण्यस्मरण’ असें लिहिलेलें असतें, आणि एखादी मुलगी आईलाच उद्देशून चार ओळी लिहिते. मे महिन्यांतील दुसऱ्या रविवारीं, मातृदिनीं, हा ओघ फारच वाढतो. ही रीत बरी कीं वाईट, आणि मंडळीला याविषयीं काय शिकवावें, असें आमच्या कांहीं उपदेशक बंधूंनीं विचारिलें आहे. आजचा धडा त्यासाठीं आहे.

आमच्या वऱ्हाडांत या प्रश्नाला विशेष अर्थ आहे. आमचे शेजारी अखजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, मातीची नवी घागर पाण्यानें भरून वाडवडिलांच्या नांवें ठेवितात, आणि भाद्रपदांतील पितृपक्षांत त्यांच्या नांवें जेवूं घालतात. आमच्या वडिलांनीं नवा विश्वास स्वीकारिला तेव्हां घागर सुटली. परंतु तिच्या जागीं दुसरा दिवस त्यांस कोणी नेमून दिला नाहीं. रोमन मंडळी २ नोव्हेंबरला मृतांचा दिवस पाळते. मोरावियन लोकांत हेर्नहुट येथें १७३२ सालीं ईस्टरच्या पहाटें कबरस्तानांत जमण्याची चाल पडली. आमच्या खेड्यांतील पुष्कळ घरीं मात्र मातीच्या दिवसानंतर बापाचें नांव घेण्याला ठरलेला प्रसंगच उरला नाहीं. ती रिकामी जागा फोननें भरली, यांत नवल तें काय? शिवाय २०२० व २०२१ या साथीच्या वर्षीं कित्येकांस आईबापांच्या मातीलाही जातां आलें नाहीं. त्यांचें रडणें फोनवरच झालें. त्यांस नांवें ठेवणें आम्हांस बरें वाटत नाहीं.

मृताला उद्देशून लिहिणें हें पितरांस आळवण्यासारखेंच नव्हे काय, असें एका बंधूचें म्हणणें आहे. त्यानें २ शमुवेल याचा १८ वा अध्याय पुन्हा वाचावा. अबशालोम मेल्याची बातमी ऐकून दावीद वेशीवरील खोलींत जातो आणि मेलेल्या लेकराला हांका मारीत रडतो. पहिल्या अध्यायांत तो योनाथानालाही असाच उद्देशून बोलतो. त्यांत मागणें नाहीं, शोक आहे. मेलेल्या बापाजवळ पीक मागावें, परीक्षेंत यश मागावें, असें आम्ही शिकवीत नाहीं. परंतु ‘बाबा, तुमची आठवण येते’ असें लिहिणाऱ्या लेकीला दरडावणारा उपदेशक दावीदापेक्षां शहाणा होऊं पाहतो.

आमचा आक्षेप निराळा आहे. गेल्या नाताळीं आम्ही मन नदीकांठच्या एका खेड्यांत उतरलों होतों. घरचा वडील मुलगा पुण्याहून आला होता. सकाळीं त्यानें आपल्या मृत बापाचा कोट घातलेला फोटो फोनवर चढविला, आणि दुपारपर्यंत शंभराच्या वर लोकांनीं हात जोडल्याचीं चित्रें पाठविलीं. एकेकाला उत्तर देत तो ओसरीवर बसला होता. त्याची माय आंत चुलीपाशीं होती. तिला वाचतां येत नाहीं, व तिच्याजवळ फोनही नाहीं. संध्याकाळीं नातवानें तो फोटो तिला दाखविला. ती पुष्कळ वेळ पाहत राहिली, मग म्हणाली, “फोटो त चांगला हाय बाप्पा, पन कोट त्यायचा नाही. लग्नाले मांगून आनला होता.” आम्ही सारे हंसलों. मग ती आपण होऊनच बोलूं लागली. एकाधिकार कापूस खरेदी १९७२ सालीं सुरू झाली, त्यानंतरच्या एका हिवाळ्यांतली ती गोष्ट. गाड्यांच्या रांगेंत तिच्या धन्याला तीन रात्री काढाव्या लागल्या. पुढच्या गाडीवरचा म्हातारा कुडकुडत होता, म्हणून यानें आपली गोधडी त्याला दिली, व स्वतः कापसांत पाय खुपसून बसला. घरीं ताप घेऊन आला, पण गोधडी कोठें गेली हें महिनाभर सांगितलें नाहीं. मुलगा आतां पन्नाशीला आला आहे; त्यानें ही गोष्ट त्या रात्रीं प्रथम ऐकिली.

शंभर जणांस जें कळविलें, त्यांत बापाचें नांव व तारीख एवढेंच होतें. त्याला ओळखणारी बाई चुलीपाशीं होती, आणि दिवसभर तिकडे कोणी फिरकलें नाहीं.

मातृदिन तरी कसा निघाला? अमेरिकेंतील ॲना जार्विस हिची आई १९०५ च्या मे महिन्यांत वारली. १० मे १९०८ रोजीं ग्राफ्टन गांवच्या मेथडिस्ट मंदिरांत तिच्या खटपटीनें उपासना झाली, आणि आईला आवडणारीं पांढरीं कार्नेशन फुलें तिनें तेथें पाठविलीं. १९१४ सालीं राष्ट्राध्यक्ष विल्सन यांनीं तो दिवस देशभर पाळण्याचें जाहीर केलें. पुढें फुलें व छापील पत्रें विकणाऱ्यांनीं तो व्यापून टाकिला, तेव्हां हीच बाई त्यांच्याविरुद्ध उभी राहिली. छापील पत्र पाठविणें हा तिच्या मतें आळस होता. आज तयार चित्रें एकाकडून दुसऱ्याकडे ढकललीं जातात, तीं पाहून ती काय म्हणाली असती कोण जाणे!

याहून जवळचें उदाहरण आपल्याच भाषेंत आहे. रेव्हरंड नारायण वामन टिळक ९ मे १९१९ रोजीं वारले. त्यांचे चिरंजीव देवदत्त यांस वडिलांचें चरित्र लिहावयाचें होतें, म्हणून त्यांनीं आईला आठवणी लिहावयास सांगितलें. त्यांतून लक्ष्मीबाईंचीं ‘स्मृतिचित्रें’ निघालीं. पहिला भाग १९३४ सालीं छापला गेला, आणि १९३६ सालीं त्या वारल्या. मुलानें विचारण्यास आणखी थोडीं वर्षें लाविलीं असतीं तर? त्या पुस्तकांत टिळकांचा राग आहे, पैसा हातांत न ठरण्याची खोड आहे. त्यामुळें त्यांचें मोठेपण कमी झालें असें कोणीही वाचक म्हणत नाहीं. आमच्या पुण्यस्मरणांत मात्र प्रत्येक बाप सारखाच देवमाणूस असतो.

आणखी एक गोष्ट सांगितल्यावांचून राहवत नाहीं. बापाच्या एकाच फोटोखालीं दोन भाऊ दोन गोड निरोप लिहितात, आणि शेताच्या वाटणीवरून त्या दोघांचें बोलणें बंद असतें! योसेफानें याकोबासाठीं सात दिवस शोक केला. पण बाप गेल्यावर भाऊ भ्याले, तेव्हां त्यानें त्यांस धीर दिला, हेंही उत्पत्तीच्या त्याच ५० व्या अध्यायांत आहे.

व्हॉट्सॲपवरील स्टेटस २४ तासांनीं नाहींसें होतें. दगड अधिक टिकतो, हें खरें. बाळापुरास मिर्झाराजे जयसिंगांच्या नांवाची छत्री आहे. राजा १६६७ सालीं बऱ्हाणपुरास वारला. पण तो घरांत लेकरांशीं कसा बोले, हें त्या खांबांवरून कळत नाहीं.

रविवारच्या वर्गासाठीं वर सांगितलेले अध्याय व २ तीमथ्य १ वाचावे. तेथें पौल तीमथ्याला त्याच्या आजीची व आईची नांवें घेऊन आठवण देतो. पुढील सणापूर्वीं प्रत्येकानें घरांतील वडील माणसाजवळ अर्धा तास बसून विचारावें: हा फोटो कोणीं, कोठें काढिला? त्या वर्षीं घरांत काय चाललें होतें? त्यांना कशाचा राग येई? त्यांनीं कोणाला काय दिलें, जें आम्हांस ठाऊक नाहीं? नातवंडांनीं तें बोलणें फोनवर ध्वनिमुद्रित करून त्याची एक प्रत दुसऱ्या फोनवर ठेवावी. नांव, गांव व तारीख घरच्या पवित्र शास्त्राच्या कोऱ्या पानावर शाईनें लिहावी. उपदेशकानें वर्गांतील सर्वांत वृद्ध विधवेपासून आरंभ करावा.