बाल-ऑक्टोपस : पोषणमूल्य, निवड व पाकक्रिया

कोकणच्या बंदरांत यांत्रिक नौका धक्क्यास लागल्या, की कोळंबी, बांगडा व माकूल यांच्या पाट्यांबरोबर मुठीत मावेल एवढ्या आकाराचे, आठ भुजांचे मऊ प्राणीही ओतले जातात. मुंबईचा भाऊचा धक्का, रत्नागिरीचे मिरकरवाडा बंदर अशा ठिकाणी हा माल नित्य पाहावयास मिळतो. व्यापारात त्यास ‘बेबी ऑक्टोपस’ म्हणतात. त्यातील चांगला माल बर्फात घालून निर्यातीसाठी गोठविण्यात येतो व परदेशी जातो. किनाऱ्यालगतच्या गावांतील घरांत मात्र तो क्वचितच शिजतो. “रबरासारखा लागतो” ही त्याविषयीची नेहमीची तक्रार आहे. ही तक्रार खोटी नाही. परंतु तिचे कारण प्राण्यात कमी व शिजविण्याच्या पद्धतीत अधिक आहे.

प्रथम नावासंबंधी एक गैरसमज दूर केला पाहिजे. ‘बेबी’ या शब्दावरून ही मोठ्या ऑक्टोपसाची पिल्ले असावीत असे वाटते. वस्तुतः या नावाने विकल्या जाणाऱ्या मालातील बराचसा भाग जातीनेच लहान असलेल्या ऑक्टोपसांचा असतो. ते पूर्ण वाढले, अंडी घालण्याच्या वयास आले, तरी त्यांचा आकार तेवढाच राहतो. त्यात काही वेळा मोठ्या जातींची अपक्व पिल्लेही मिसळलेली असतात, हे खरे. माकूल व ऑक्टोपस हे एकाच वर्गातील प्राणी असून दोहोंना पाठीचा कणा नसतो. माकुलाला आठ भुजांखेरीज दोन लांब भुजा असतात व शरीरात कवचाचा अवशेष असतो. ऑक्टोपसास या दोन भुजा नसतात आणि त्याच्या अंगात चोचीखेरीज कठीण असे फारसे काही आढळत नाही. हा प्राणी अल्पायुषी आहे. मादी रिकाम्या शिंपल्यात अथवा खडकाच्या फटीत अंडी घालते, ती फुटेपर्यंत अन्न न घेता त्यांची राखण करते आणि त्यानंतर मरते. जपानी लोक तेथील लहान जातीच्या ऑक्टोपसास ‘ईदाको’ म्हणजे ‘भाताचा ऑक्टोपस’ असे म्हणतात. शिजविल्यावर मादीच्या पोटातील अंडी भाताच्या शितांसारखी दिसतात, यावरून हे नाव पडले. भात खाणाऱ्या कोकणी मनुष्यास ही उपमा सहज पटेल.

पोषणमूल्य

अमेरिकेच्या कृषिखात्याच्या अन्नघटक तक्त्यानुसार १०० ग्रॅम कच्च्या ऑक्टोपसात सुमारे ८० ग्रॅम पाणी, १५ ग्रॅम प्रथिने व अवघा १ ग्रॅम स्निग्धांश असतो. त्यापासून सुमारे ८२ कॅलरी उष्णता मिळते. शिजविल्यावर १०० ग्रॅममधील प्रथिने सुमारे ३० ग्रॅम होतात. म्हणजे शिजताना प्रथिने वाढली असे नव्हे. पाणी निघून गेल्यामुळे वजन जवळजवळ निम्मे झाले, एवढाच त्याचा अर्थ. गृहिणीच्या दृष्टीने हा हिशेब फार महत्त्वाचा आहे. एक किलो साफ केलेला माल चुलीवर ठेवला, तर ताटात अर्ध्या किलोच्या आसपासच पडतो. ज्यांस हे ठाऊक नसते त्यांस विक्रेत्याने फसविले असे वाटते.

भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या २०२० सालच्या शिफारशीप्रमाणे ५५ किलो वजनाच्या प्रौढ स्त्रीस दिवसाला सुमारे ४६ ग्रॅम व ६५ किलो वजनाच्या पुरुषास सुमारे ५४ ग्रॅम प्रथिने लागतात. शिजविलेल्या ऑक्टोपसाचे ७५ ग्रॅम, म्हणजे एक लहान वाटीभर तुकडे, सुमारे २२ ग्रॅम प्रथिने देतात. स्त्रीची जवळजवळ निम्मी गरज एका वाटीत भागते. भात व पातळ कालवण यांवरच ज्या घरात जेवण उरकते, तेथे ही भर लहान नव्हे. ताकास बेसन लावून कढी करावी तशी थोड्या मांसाची चव पुष्कळ भातास पुरविता येते, हाही एक लाभच आहे.

लोहाच्या बाबतीत मात्र सावधगिरीने बोलले पाहिजे. वर उल्लेखिलेल्या अमेरिकी तक्त्यात १०० ग्रॅम कच्च्या ऑक्टोपसात ५ मिलिग्रॅमहून अधिक लोह दाखविले आहे. जपानच्या अन्नघटक तक्त्यात सामान्य ऑक्टोपसाचे लोह १ मिलिग्रॅमपेक्षाही कमी आहे. जात, वय व परीक्षणाची पद्धत यांनी असा फरक पडू शकतो. शिवाय या प्राण्याचे रक्त लोहयुक्त तांबडे नसून तांबेयुक्त निळसर असते. त्यामुळे बकऱ्याच्या काळजातून मिळणाऱ्या लोहाशी याची बरोबरी करता येणार नाही. पंडुरोगाने म्हणजे रक्तक्षयाने फिकट झालेल्या स्त्रीस “ऑक्टोपस खा, रक्त वाढेल” असा सल्ला कोणी दिल्यास तो अपुरा व प्रसंगी घातक ठरेल. तिने आरोग्यकेंद्रात रक्त तपासून घ्यावे आणि मिळालेल्या लोहाच्या गोळ्या नियमित घ्याव्यात. ऑक्टोपस हे चांगले जेवण आहे, औषध नव्हे. जीवनसत्त्व ब-१२, तांबे, जस्त व सेलेनियम यांचा मात्र त्यातून चांगला पुरवठा होतो. केवळ शाकाहारी जेवणात ब-१२ ची उणीव राहण्याचा संभव असल्याने अधूनमधून मासळी खाणाऱ्या कुटुंबांस ही गोष्ट विशेष उपयोगी आहे.

कोळंबी अगर खेकडा खाल्ल्यावर ज्यांच्या अंगावर गांधी उठतात किंवा श्वास कोंडतो, त्यांनी ऑक्टोपस खाऊ नये; त्रास देणारे प्रथिन दोहोंत सारखेच असते. सांध्यांत यूरिक आम्ल साचण्याचा विकार असणाऱ्यांनीही तो बेतानेच खावा.

विषारी जातीची ओळख

या लेखातील सर्वांत महत्त्वाचा भाग हा आहे. हिंदी व पॅसिफिक महासागरांच्या उथळ पाण्यात ‘निळ्या कड्यांचा ऑक्टोपस’ या नावाच्या काही जाती राहतात. आकाराने त्या बाल-ऑक्टोपसाएवढ्याच किंवा त्याहूनही लहान असतात. केंड माशात जे विष असते तेच यांच्या लाळेत व शरीराच्या इतर भागांतही असते. हे विष उकळल्याने, तळल्याने किंवा आंबट घातल्याने नाहीसे होत नाही. त्यावर उतारा उपलब्ध नाही. विषबाधा झालेल्या मनुष्याचे प्रथम ओठ व जीभ बधिर होतात, मग हातपाय लुळे पडतात व शेवटी श्वास थांबतो. अशी लक्षणे दिसताच घरगुती उपायांत वेळ न दवडता, कृत्रिम श्वासोच्छ्वासाची सोय असलेल्या रुग्णालयात रोग्यास न्यावे. वाटेत श्वास बंद पडल्यास तोंडाने श्वास देत राहावे. रुग्णालयात पोहोचेपर्यंत श्वास चालू राहिला तर रोगी वाचण्याची आशा पुष्कळ असते.

ओळखण्याची खूण अशी. विषारी जातीच्या धडावर व भुजांवर अनेक लहान निळी कडी किंवा रेघा विखुरलेल्या असतात. जिवंत प्राणी डिवचला गेला की त्या झळाळतात. मेल्यावर त्या फिक्या पडतात, म्हणून नुसत्या नजरेने घाईत पाहून चालत नाही. येथे एक घोटाळा होण्याचा संभव आहे. खाण्यायोग्य अशा काही लहान जातींतही डोळ्यांखाली, भुजांच्या मुळाशी, दोन्ही बाजूंस एकेक डोळ्यासारखा ठिपका असतो व त्याभोवती चकचकीत कडे असते. असे केवळ दोनच ठिपके असतील तर भीतीचे कारण नाही. कडी अनेक असतील, अथवा शंका येत असेल, तर तो प्राणी उघड्या हाताने न उचलता बाजूस काढावा व खोल पुरावा. एका प्राण्याच्या किमतीसाठी धोका पत्करणे शहाणपणाचे नाही. पाट्या निवडणाऱ्या स्त्रियांना ही खूण ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी प्रत्यक्ष चित्र दाखवून समजावून द्यावी. तोंडी वर्णनाने ती नीट ध्यानात राहत नाही.

निवड व सफाई

ताज्या ऑक्टोपसाची कातडी ओलसर, चकचकीत व घट्ट असते. वास समुद्राच्या पाण्यासारखा येतो. कातडी गुलाबी-तांबूस झालेली, हातास लागताच सुटणारी, किंवा नवसागरासारखा उग्र वास येणारी असल्यास माल घेऊ नये. हा प्राणी फार लवकर नासतो. नौकेवरच त्यास मालाच्या वजनाइतका बर्फ मिळाला पाहिजे; परंतु बर्फ व माल यांमध्ये प्लॅस्टिकचा कागद घालावा. वितळलेल्या गोड्या पाण्यात तो पडून राहिला तर पाणी शोषून फुगतो, रंग सोडतो व बेचव होतो. काही विक्रेते वजन वाढविण्यासाठी मुद्दामच त्यास पाण्यात ठेवतात. असा माल टोपात टाकताच पाण्याचे तळे होते, आणि ग्राहक पुन्हा त्या बाजूस फिरकत नाही.

साफ करताना डोक्यासारखी दिसणारी पिशवी, जी वस्तुतः धड होय, बोटांनी मोज्याप्रमाणे उलटी करावी. आतील आतडी, काळ्या शाईची थैली व पिवळट-तपकिरी ग्रंथी ओढून काढावी. ही ग्रंथी चवदार असते असे समजून काही ठिकाणी ठेवतात. तसे करू नये, कारण कॅडमियम हा विषारी धातू शरीराच्या इतर भागांपेक्षा येथेच अधिक साठतो. विळीने डोळे काढावे. भुजांच्या मध्यभागी खालून बोटाने दाबले की पोपटासारखी काळी चोच वर येते, ती उपटावी. मग किलोस मूठभर जाड मीठ घालून दोन-तीन मिनिटे जोराने चोळावे. पांढरा फेस सुटतो व चूषकांत अडकलेली वाळू निघते. शेवटी वाहत्या पाण्याने तीन वेळा धुऊन निथळावे. निघालेली घाण अंगणात न टाकता नारळाच्या आळ्यात हातभर खोल पुरून वर माती ओढावी. झाडास खत मिळते व कुत्र्यांचा उपद्रव होत नाही.

शिजविण्याचे मर्म

माशाच्या मांसापेक्षा ऑक्टोपसाच्या मांसात कोलॅजेन नावाचे चिवट तंतू पुष्कळ व अधिक घट्ट विणीचे असतात. उष्णता लागताच ते आकसतात व मांसातील पाणी पिळून काढतात. पुढे मंद आचेवर बराच काळ राहिल्यावर तेच तंतू विरघळून जिलेटिन बनते व मांस मऊ होते. म्हणून फार लहान तुकडे जहाल आचेवर एक-दोन मिनिटांत परतून उतरवावे, नाही तर अर्धा तास किंवा अधिक वेळ मंद आचेवर ठेवावे. मासळीच्या सवयीने दहा-पंधरा मिनिटांत टोप उतरविला की रबर झालेच म्हणून समजावे. बहुतेक घरांत नेमकी हीच चूक होते. ग्रीसमधील कोळी तो खडकावर आपटून मऊ करतात. शीतपेटीत एक रात्र घट्ट गोठविल्यानेही तेच साधते, कारण आतील पाण्याचे बर्फकण तंतू तोडतात. खडकावर आपटण्यापेक्षा हे सोपे आहे.

चार माणसांसाठी सुके करावयाचे असल्यास पाऊण किलोच्या आसपास माल घ्यावा. साफ केलेला ऑक्टोपस जाड बुडाच्या टोपात घालून अर्धा चमचा हळद चोळावी. पाणी व मीठ घालू नये. मंद आचेवर ठेवून वर ताटली झाकावी व ताटलीत पाणी ओतावे. थोड्याच वेळात त्याचे स्वतःचे पाणी सुटते व त्यातच तो शिजतो. पंचवीस मिनिटांनंतर भुजेच्या जाड भागास काडी टोचून पाहावी; ती सहज गेली नाही तर आणखी दहा-पंधरा मिनिटे ठेवावे. घड्याळापेक्षा काडीवर विश्वास ठेवावा. सुटलेले तांबूस पाणी टाकून देऊ नये. त्यात खनिजे व ब-वर्गातील जीवनसत्त्वे उतरलेली असतात.

दुसऱ्या भांड्यात दोन मोठे चमचे तेलावर आठ-दहा लसूणपाकळ्या ठेचून घालाव्या, दोन बारीक चिरलेले कांदे तांबूस होईपर्यंत परतावे, त्यात दोन चमचे मालवणी अथवा कोळी मसाला घालावा. शिजलेला ऑक्टोपस व त्याचे पाणी त्यात ओतून चार-पाच आमसुले टाकावी. पाणी आटत आले की चव पाहून मगच मीठ घालावे, कारण समुद्राचे मीठ त्यात मुळातच असते. आधी घातलेले मीठ आटल्यावर दुप्पट खारट लागते. वर मूठभर ओले खोबरे व कोथिंबीर घालून उतरवावे. लहान मुलांस व वृद्धांस देताना भुजा आडव्या, बोटाच्या पेराएवढ्या कापाव्या. अखंड चूषकयुक्त भुजा गिळताना घशात अडकू शकते.

उरलेले सुके त्याच रात्री थंड करून शीतपेटीत ठेवल्यास दुसऱ्या दिवशी चालते. ते पुन्हा पूर्ण उकळी येईपर्यंत तापवावे. शीतपेटी नसलेल्या घरात एका वेळेस पुरेल तेवढाच माल आणावा.